आईला ऐकू येईल असा टायमर

मैत्रिणींनो, आईला कमी ऐकू येतं. आज सकाळी गॅसवर आमटी ठेवून ती कपडे वाळत घालायला गेली. मोबाईलचा अलार्म वाजून थांबला आणि पातेलं जळालं. दादा घाबरून म्हणाला, "उद्यापासून तू गॅसजवळ जायचं नाही."

"का? मला ऐकू येईल असा टायमर आणू की!" आई म्हणाली.

दुपारी आम्ही दोघी नवी पेठेत गेलो. दुकानदार बटणं समजावू लागला. आई म्हणाली, "थांब बाबा. मी रस्त्याकडं तोंड करून उभी राहते. ऐकू आलं की हात वर करते."

दोन टायमर वाजले, तिला पत्ताच नाही. तिसऱ्याला मात्र हात झटकन वर गेला. तोच घेतला.

रात्रीची आमटी आईनंच केली. दादानं दोनदा वाढून घेतली.

तुमच्या घरी अशी बंदी घालण्याआधी कुणी आईला विचारलं होतं का?