पुठ्ठा मी गळ्यात घातला नाही

एजंटनं खणातून पुठ्ठ्याचा एक चौकोन काढला. वरच्या बाजूला दोन भोकं, त्यांत सुतळी ओवलेली, मधोमध इंग्रजी अक्षरं.

"हे गळ्यात घालजो. सोनेगावच्या एअरपोर्टपासून कुवेतलोक काढाचं नाही."

"काय लिहून हाये याच्यावर?"

"ह्या बाईले इंग्रजी येत नाही, हिले मदत करा. बस, एवढंच. सगळ्याच बाया घालतात."

खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मला इंग्रजी येत नव्हतंच. चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच. भिवापूरकडच्या आमच्या गावात मिरचीचा तोडा लागला की अर्धा वर्ग वावरात असायचा, आणि तोडा संपल्यावर काही मुली वर्गात परत जायच्या, काही नाही. मी दुसऱ्यांतली. पुढं लग्न होऊन नागपुरात सक्करदऱ्याला आले, नवरा गेला, पदरात मुलगी. कुवेतमधल्या एका नागपुरी डॉक्टरांना घरी मुलं सांभाळायला बाई हवी होती आणि माझं नाव कुणीतरी सुचवलं होतं. हे काम मिळालं तर मुलगी दहावीच्या पुढं शिकणार होती. नाही मिळालं तर माझ्यासारखीच मिरच्यांपाशी बसणार होती. इतकं सरळ होतं ते.

तरी मी म्हटलं, "मी नाही घालणार."

"काहून?"

काहून ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मी नुसती मान हलवत राहिले.

"मंग दुसरी बाई पाहतो मी. बंबईच्या एअरपोर्टवर तू हरवली तं डॉक्टरसाहेब माही गर्दन पकडन."

दुसऱ्या दिवशी हे सगळं सातऱ्यावर सांगितलं. कळमन्याच्या बाजूला एका मांडवात वाळलेल्या मिरच्यांचे ढीग घालून आम्ही बायका दिवसभर देठ खुडायचो, तो आमचा सातरा. नाकाला पदर बांधलेला, बोटांना तेल चोपडलेलं, आणि डोळा कितीही खाजला तरी हात लावायचा नाही. माझ्या समोर एक म्हातारी बसायची. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या वेळी ती भरल्या घराची सून होती आणि मी बापाच्या खांद्यावरची पोर. वस्तीतल्या विहारात पाली वंदना तीच सांगायची. तिचा खुडता हात थांबला.

"आपल्या लोकाइच्या गळ्यात एकडाव मडकं लटकवलं होतं, पोरी. ते उतरवाले किती पिढ्या लागल्या? आता पुठ्ठा लटकवते काय तो?"

मला जे सांगता आलं नव्हतं ते हेच होतं. पण भीती काही त्यानं गेली नाही. "अवं माय, पण मले येत नाही ना इंग्रजी!"

"पाली तरी कोणाले येत होती वं? झाली का नाही पाठ?"

शिकवायला तिनं माझी शेजारीण धरून आणली. शेजारीण सोनेगावच्या विमानतळावर झाडझूड करायची. वाचता तिलाही धड येत नव्हतं, पण कुठल्या पाटीखाली काय चालतं ते ती रोज पाहायची, आणि आत-बाहेर करणाऱ्या बाबूलोकांच्या तोंडचे शब्द रोज ऐकायची. संध्याकाळी ती मला ते सांगायची आणि सकाळी मी ते सातऱ्यावर आणायचे. मग म्हातारी वंदनेच्या सुरात ओळ टाकायची, "चेक-इन करामि," आणि सगळ्या रांगेनं मागून म्हणायचं. तीनदा. चेक-इन, मग बोर्डिंग कार्ड, मग सिक्युरिटी, मग डिपार्चर गेट. बंबईला इमिग्रेशन. उतरल्यावर अरायव्हल, बेल्ट, कस्टम.

बायकांना तर उधाण आलं होतं.

"लगेज म्हणजे काय वं?"

"बोजा."

"मंग माहा नवरा लगेजच हाये! घरी पडून राहते, उचलाले मीच."

"आनं डिले म्हणजे?"

"उशीर."

"म्हणजे मुकादमाचा चाहा!"

मुकादम वैतागून ओरडला, "मिरची खुडून राहिल्या का इमान उडवून राहिल्या?" म्हातारी शांतपणे म्हणाली, "दोन्ही गा बाबू." शब्दांच्या नादात माझा हात मागं पडायचा. तेव्हा शेजारच्या बायका आपल्या खुडलेल्या मिरच्यांतल्या दोन-दोन मुठी गुपचूप माझ्या टोपल्यात सरकवायच्या. कुणी बोलून दाखवलं नाही. मीही आभार मानले नाहीत, तशी रीत नव्हती. ते आता इथं, इतक्या दूर बसून मानते आहे.

घरी शेजारणीनं आमच्या गल्लीचंच विमानतळ केलं. सार्वजनिक नळ हे काउंटर, तिच्या वाळत घातलेल्या लुगड्यांखालून वाकून गेलं की सिक्युरिटी, कोपऱ्यावरचं लिंबाचं झाड हा गेट. मी पेटी घेऊन या टोकापासून त्या टोकाला जायचे. नळावरच्या बायका विचारायच्या, "पोचली काय वं कुवेतले?" मी म्हणायचे, "नाही, आत्ता सिक्युरिटीत हाओ."

आठवड्यानं एजंटकडे गेले. म्हातारी सोबत आली, बोलावलं नसताना.

"इचारा मले," मी म्हटलं. "सगळं आलं तं पुठ्ठा नाही."

तो हसला, पण विचारू लागला. "बंबईले परदेशी जाचा शिक्का कोठी मारते?"

आता आमची गोची अशी, की वंदना मधूनच सुरू करता येत नाही. सगळे शब्द मला ओळीनं पाठ होते. सुटा शब्द हवा असला की पहिल्यापासून म्हणत तिथवर जावं लागायचं. मी मनात चेक-इनपासून निघाले. ओठ हलत होते.

"काय पुटपुटून राहिली?"

"थांब गा," म्हातारी म्हणाली, "येऊन राहिलं तिले."

"इमिग्रेशन," मी म्हटलं.

"साधु, साधु, साधु," वंदना संपल्यावर म्हणतात तसं म्हातारी म्हणाली.

असं प्रत्येक प्रश्नाला झालं. मी सुरुवातीपासून चालत यायचे, एजंट टेबलावर बोटं वाजवायचा, उत्तर आलं की म्हातारीचं तीनदा साधु. शेवटी तो चिडला. "आनं ह्याच्यातलं नाही असं कोणी इचारलं तं? तवा काय करशीन?"

याला उत्तर पाठ नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "तवा म्हणीन, हे मले येत नाही, सांगा. माह्या तोंडानं म्हणीन. पुठ्ठ्याच्या नाही."

त्यानं टेबलावर वाजणारी बोटं थांबवली. मग लाल कार्बनच्या पानांचं तिकीट माझ्यापुढं सरकवलं. पुठ्ठा खणात टाकला आणि म्हणाला, "हरवली तं माहं नाव सांगू नको."

सोनेगावला सोडायला आलेल्यांना बाहेरच थांबावं लागलं. आत मी एकटी. पेटी काट्यावर मीच ठेवली, तिकीट मीच पुढं केलं, "बोर्डिंग कार्ड" मीच म्हटलं. काउंटरवरच्या माणसानं मान न उचलता विचारलं, "विंडो ऑर आइल?"

मी मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊन आले. हा शब्द ओळीत नव्हता. मागं सफारी घातलेले एक गृहस्थ होते, त्यांनी मोठ्यानं श्वास सोडला.

"हा शब्द मले येत नाही," मी म्हटलं. आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला. "सांगा, मंग सांगतो."

त्यानं आता मान उचलली. "खिडकीपाशी बसता, का मधातल्या रस्त्यापाशी?"

"चला हो बाई, पटकन," मागून सफारीवाले.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा काउंटरकडे. "थांबा जराक," म्हटलं, "मी इचार करून राहिली." आणि खरंच उभ्या उभ्या, घाई न करता, कुठं बसायचं याचा विचार केला.