केळ फळ कोणासाठी धरते?

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अक्काला तिचं दुखणं समजावून सांगितलं आणि विचारलं, "काही विचारायचंय?" चादरीवरचा तिचा हात जरासा वर आला. तिने माझ्याकडे पाहिलं... आणि हात खाली घेतला. चार दिवसांनी ती गेली. त्याला आता महिना होऊन गेला, पण तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. कारण त्याला खाली घ्यायला शिकवणारा मीच.

अक्का माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, पण सातवीनंतर तिला यावलला केळीच्या बागायतदाराकडे दिलं आणि मला कॉलेजात घातलं. मी दीपनगरच्या वीज केंद्रात लागलो. क्वार्टरमध्ये टीव्ही आला, तेव्हा दुपारी त्यावर विद्यापीठाचे पाठ लागत. फी नाही, हजेरी नाही, वयाची अट नाही. अक्काला हे कळलं मात्र, ती हरखूनच गेली. यावलला नेमकी त्याच वेळी वीज जायची. वीज बनवणाऱ्या आमच्या कॉलनीत मात्र लाईट सहसा जात नसे. म्हणून ही बाई आठवड्यातून दोनदा एसटीने यायची, केळ्यांची फणी माझ्या बायकोच्या हातात द्यायची आणि टीव्हीपुढच्या स्टुलावर पदर सावरून बसायची. पाठ सगळे इंग्रजीत. "चित्रं कयतात मले, बाकी तू सांग," म्हणायची. मी पेंगत पेंगत काहीबाही सांगायचो.

एकदा फळांचा पाठ होता. झाड फळ धरतं ते बियांसाठी, असं चित्रं दाखवून सांगत होते. शेवटी प्राध्यापक म्हणाले, "एनी क्वेश्चन्स?" तेवढं इंग्रजी तिला एव्हाना कळायला लागलं होतं. तिने सरळ हात वर केला. त्या दिवशी शेजारचे दोघंतिघं बसलेले. मी मोठ्याने हसलो, "अक्का, त्यांना तू दिसतेस होय?" सगळेच हसले. तीही हसली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, केयीले तं बी नसतं. मंग ती फय कोनासाठी धरते?" मला येत नव्हतं. तसं कबूल करायला जीभ रेटेना, म्हणून म्हणालो, "असले प्रश्न परीक्षेला येत नाहीत." शाळेचा दाखला नसला तरी प्रवेश देणाऱ्या मुक्त विद्यापीठाचा फॉर्म तिनेच मला आणायला लावला होता. तो तिने नेला नाही. "हंगाम आहे," म्हणाली. हंगाम संपला, तरी ती पाठाला आली नाही. मीही विचारलं नाही. लिहिताना लाज वाटते.

परवा धुळ्याला गेलो, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना तो प्रश्न विचारला. ते खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, "रानकेळीत बिया असतात. माणसाने बिनबियांची निवडली, कंद लावून वाढवली. बी गेलं, फळ धरणं तेवढं राहिलं. छान प्रश्न आहे. तुमचा?"

"नाही, बहिणीचा."

"कुठल्या वर्षाला आहे?"

मी त्यांना केळीचं उत्तर पुन्हा एकदा सांगायला लावलं.

ते स्टूल अजून टीव्हीपुढेच आहे. घरी आलो आणि त्याच्यासमोर बसून सगळं उत्तर मोठ्याने सांगितलं, न पेंगता. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोणाशी बोलताय?"

"अक्काशी," म्हटलं.

तिने स्टुलावर साचलेले पेपर उचलून घेतले.