पाच नारळांचे वय

प्रश्न एकच आहे, आणि तो मी आधी नीट मांडतो. जैनथजवळच्या आमच्या गावी, ओढ्याकाठच्या तुकड्यात नारळाची पाच झाडे होती. महसूल खात्याचा गिरदावर जमिनीच्या पाहणीला आला त्या दिवशी ती झाडे किती वर्षांची होती?

उत्तर मला तेव्हाही ठाऊक होते. ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही — बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्यांच्या पाटीवर 'खरे बोलावे' हे वाक्य पुन्हा पुन्हा गिरवून घेतले त्या विद्यार्थ्यांना तर नाहीच.

तुम्ही माझ्या अपराधाकडे धावत याल. येऊ नका. आधी झाड समजून घ्या. त्यावाचून माझा नीचपणा कळायचा नाही.

आमचा मुलूख कापूस-ज्वारीचा. नारळ इथे देवळापुढच्या दुकानात मिळतो. शेतात वाढताना कोणी पाहिलेला नसतो. कलशावरच्या नारळाला मोड आला तर तो फोडत नाहीत, लावतात. पण लावतात म्हणजे काय? तुळशीजवळ दोन बोटे माती उकरून ठेवून देतात, आणि उन्हाळ्यात तो जळाला की देवाची इच्छा म्हणतात. मी तेव्हा नवा शिक्षक होतो. मला हे सोसवेना. मोड आलेले पाच नारळ मी घरोघर फिरून गोळा केले आणि ओढ्याकाठी नेले, कारण पाणी तिथेच होते.

तो तुकडा कागदावर आमच्या घराचा. कसत होते एक माळी जोडपे — अनसाबाई आणि तिचा नवरा. वांगी, मिरची, कोथिंबीर. त्यांना मी शिकवले: काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून खड्डा कंबरभर खोल हवा, तळाशी ओढ्याची रेती, वाळवीसाठी मूठभर मीठ. नवऱ्याने अंतर मोजायला दोरी धरली होती. अनसाबाई काठावर उभी राहून म्हणाली, "काऊन एवढं खोल खंदून राह्यले गुरुजी? नारळ लावता का मास्तर गाडता?" नवरा इतका हसला, की दोरी हातातून सुटली.

हे लक्षात ठेवा — खड्डे खणले तेव्हा तो जिवंत होता. निजामाचा अंमल होता. ते राज्य संपवणाऱ्या पोलीस कारवाईला अजून दोन वर्षे होती. कारवाईच्या साली तो तापाने गेला, आणि पुढे त्या झाडांना घागरीने पाणी तिने एकटीने घातले.

पहिली झावळी गळाली तेव्हा ती भांडायलाच आली; म्हणे, तुमचे झाड मरून राह्यले. मी तिला खोडाशी नेले. झावळी गळते तिथे खोडावर वळ उरतो. वर्षाला सुमारे बारा झावळ्या, म्हणून बारा वळ. मात्र — हे 'मात्र' मी बोट वर करून सांगितले होते — पहिली तीन-चार वर्षे नारळाला खोड दिसतच नाही. तो जमिनीतच बुंधा भरत असतो. तेव्हा वरचे मोजायचे आणि जमिनीतले मिळवायचे. तिने ते पाठ केले. भाजी घ्यायला येणाऱ्या बायकांना ती ऐकवायची, वर माझ्या आवाजाची नक्कल करून.

मग नवा कायदा आला. कारवाईच्या आधीपासून जो जमीन कसत आला, त्याला तिथून काढता येणार नाही. दादा — माझा थोरला भाऊ — म्हणाला, ही बाई नवरा मेल्यावर मजुरीला आली, आधी इथे कोणी नव्हते. मला त्याने दटावले का? नाही. जेवताना एवढेच म्हणाला, की तुकडा सुटला तर अर्धा तुझ्या नावे करतो. मी भाकरी कुस्करत राहिलो. त्याने विचारले नाही, मी हो म्हटले नाही. अशा गोष्टी आमच्यासारख्या सभ्य घरांत अशाच ठरतात, आणि या सभ्यपणाची मला आज शिसारी येते.

गिरदावर आला. तिच्या बाजूने शेजारी बोलले. ते तिचेच जातभाई म्हणून त्याने हात झटकला. वांगी-मिरची साक्ष देत नाही, हंगाम संपला की उपटली जाते. उरली झाडे; ती कारवाईआधीची ठरली, तर त्यांना पाणी घालणारेही आधीचे ठरले असते. तो कोरड्या मुलखातला माणूस. नारळ कसा वाढतो ते त्याला काय ठाऊक? तो माझ्याकडे वळला. "मास्टरसाब, आप पढ़े-लिखे हैं. झाड़ कितने साल के हैं?"

अनसाबाईचा चेहरा उजळला. हे मला सर्वांत जास्त छळते — तिला आनंद झाला. माझ्यासाठी वाट करून देत ती म्हणाली, "मोजा गुरुजी. तुमीच शिकवलं हाय."

मी सर्वांत मोठ्या झाडाशी वाकलो. एकेका वळावर बोट ठेवून मोठ्याने मोजले. छत्तीस भरले. मी उभा राहिलो आणि वर्गात बोलतो तसे, पण त्याच्या उर्दूत बोललो: वर्षाला बारा वळ, वळ छत्तीस, भागाकार करा. "तीन," गिरदावर म्हणाला — शाबासकी मिळालेल्या पोरासारखा. तीन वर्षे, म्हणजे कारवाईनंतरची लागवड. आकडा बरोबर, भागाकार बरोबर. 'तीन' हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही! कित्येक वर्षे मी या गोष्टीचा आधार घेतला — आणि या आधाराचा मला जितका संताप येतो, तितका दादाचाही येत नाही.

"जमिनीतले राह्यले, गुरुजी," अनसाबाई म्हणाली.

ओरडली नाही. विसरलेल्या माणसाला आठवण द्यावी तशी म्हणाली. गिरदावराने मला विचारले, क्या बोल रही है? मी म्हणालो, "कुछ नहीं."

त्या उन्हाळ्यात ती पैनगंगेपलीकडे भावाकडे गेली. जाताना तिने झाडांना पाणी घातले, हे शेजाऱ्याने सांगितले. मी बघायला गेलो नव्हतो. पुढे राज्ये नव्याने आखली गेली. आम्ही आंध्रात, नदीपलीकडचा काठ मुंबई राज्यात. उर्दूतली जुनी दप्तरे बांधून ठेवली, कचेरीत तेलुगू आली. तिने कुठे आणि कोणत्या भाषेत दाद मागायची होती? मला हायसे वाटले. होय, हायसे. अर्धा तुकडा माझ्या नावे झाला. झाडे फळाला आली, आणि सरस्वतीपूजेला त्यांतलाच नारळ फोडून मी मुलांच्या तळहातांवर खोबरे ठेवत असे. मुले कौतुकाने म्हणत, गुरुजींच्या शेतातला आहे.

लोक म्हणतात, तो काळच उलथापालथीचा होता. खोटे आहे. काळाने वळ मोजले नाहीत; मी मोजले. म्हणतात, कायदा अपुरा होता. कायदा पुरेसा होता; तिचा तुकडा वाचवायला एक वाक्य हवे होते, आणि गावात ते ज्याच्या तोंडून मानले गेले असते असा मी एकटा होतो. अज्ञानी माणूस चुकला असता. मी चुकलो नाही. मी शिकवलेलेच गिळले.

तेव्हा उत्तर: सात वर्षे. तीन वरची, चार जमिनीतली.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. तो गिरदावराने ठेवला होता. अंगणात एक नारळ लावा, पाणी घाला, आणि पहिला वळ दिसेपर्यंत किती वर्षे जातात ते स्वतः मोजा.