वन्संनी शिवलेली खोळ

आमच्या वन्संना उघडी वस्तू बघवत नाही. माणसाने कसंही राहावं, पण टीव्ही, मिक्सर, फ्रिजवरचा स्टॅबिलायझर, यांच्या अंगावर कपडा हवाच. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. शिलाईच्या कारखान्यात सोफ्यांची कव्हरं शिवण्यात आयुष्य गेलं, लग्न केलं नाही, त्या यंत्रांच्या खडखडाटात कान जरा जड झाले. कारखाना सुटला, पण हात थांबले नाहीत. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एका खोलीत राहतात. कुणाकडे नवीन वस्तू आली की खोकं उघडायच्या आत वन्सं गळ्यात टेप घालून दारात हजर! 'धूळ बसते गं,' म्हणायचं आणि मापं घ्यायला लागायचं. खोळ अशी बेतशीर की बघत राहावं. कडेला पायपिंग, खाली झालर, रिमोटला वेगळा खिसा. इंटरनेटच्या डबीलासुद्धा त्यांनी टोपडं शिवलं होतं, आता बोला.

उन्हाळा आला की घरोघरी काही ना काही बंद पडायचं. मग गल्लीतला मेकॅनिक यायचा, ज्याला सगळे खडूस म्हणतात आणि तो आहेच तसा. खोळ दोन बोटांनी उचलायचा आणि सुरू व्हायचा. "परत तेच! अहो, ही जाळी काय शोभेला दिलीय? आतली गरम हवा जायची कुठून? एवढ्या उकाड्यात तुम्ही स्वेटर घालून बसता का? भिंतीपासून लांब ठेवा, उन्हातून हलवा, आणि हे झगे काढा आधी."

सगळ्यांनी झगे काढले. पण वन्संना सांगायचं कुणी? बाई दिवस दिवस खपून शिवते, एक पैसा घेत नाही. एकदा मी म्हटलं, "वन्सं, खोळीनं तापतं म्हणे," तर त्यांचा चेहरा असा उतरला की मीच म्हटलं, "तो खडूस, त्याला काय कळतंय." मग इमारतीत एक रीतच पडली. वन्सं जिना चढताना दिसल्या की खालून कुणीतरी हाक द्यायचं, "आल्या गं!" आणि वरच्या मजल्यांवर खोळी चढायच्या. वन्सं आल्या, चहा प्यायल्या, गेल्या, की खोळी परत कपाटात. आम्हाला त्याचं हसू यायचं.

आमचे हे कंडक्टर. आवाज असा की 'पुढे सरका' म्हटलं तर बसमधलेच काय, फुटपाथवरचेही सरकायचे. त्या माणसाच्या फुफ्फुसांनी दगा दिला. जिना चढताना धाप, मग बोलताना धाप, मग नुसतं बसल्या बसल्याही. शेवटी घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगाशेजारी ठेवलेलं, लहान कपाटाएवढं धूड, दिवसभर घरघर करणारं, आणि त्याची नळी यांच्या नाकात. वीज गेली तर असावा म्हणून कोपऱ्यात ऑक्सिजनचा एक जादा सिलिंडर.

प्लग नीट बसवायला मी खडूसलाच बोलावलं होतं. त्याने मशीन भिंतीपासून ओढून हातभर पुढे घेतलं, खिडकीचा पडदा वर बांधला. म्हणाला, "याला मोकळं ठेवायचं. कपडा नाही, टॉवेल नाही, काही नाही. तापलं की हे आपोआप बंद पडतं. आणि हे बंद पडलं तर..." यांच्याकडे बघून तो परत प्लग तपासायला लागला. वन्सं तिथेच उभ्या होत्या. मी मोठ्याने, अगदी कानाशी जाऊन सांगितलं, "वन्सं, याला खोळ नको हं." त्या म्हणाल्या, "बरं."

पुढे काही दिवसांनी एका दुपारी मी यांची औषधं आणायला गेले होते. यांचे डेपोतले जुने दोस्त संध्याकाळी भेटायला यायचे होते, म्हणून जरा बिस्किटंही घेतली, त्यात उशीर झाला. यांच्याजवळ वन्संना बसवून गेले होते. ऊन तर असं की जिन्याचा कठडा हाताला पोळत होता.

दार उघडलं. वन्सं स्टुलावर बसून दोरे गोळा करत होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. डोळा लागलाय त्याचा. आणि बघ, किती शांत झालं ते!"

मशीनवर खोळ होती. गडद लाल, आत कापूस भरलेली, गोधडीसारखी जाड. नळीसाठी गोल भोक, त्यालाही पायपिंग. घरघर नव्हती. खोळीच्या आतून बारीक पीं पीं येत होती, ती मला ऐकू आली, वन्संना नाही.

यांचे ओठ निळे पडले होते. मी खोळ ओढून फेकली. मशीन तव्यासारखं तापलं होतं, लाल दिवा लागला होता. कोपऱ्यातला जादा सिलिंडर ओढला. चावी फिरेना. कशीबशी फिरली, नळी जोडली, आणि यांना गदागदा हलवत राहिले. बऱ्याच वेळाने यांनी मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. ओठांवर हळूहळू रंग आला. डोळे काही उघडले नाहीत, पण छाती नीट हलत होती.

आणि मग माझं तोंड सुटलं.

"सांगितलं होतं ना तुम्हाला? कानात ओरडून सांगितलं होतं! मारायचं होतं का भावाला? त्या शिलाईपायी आणखी काय काय कराल? तुमच्या खोळी कुणाला नको आहेत, कळतंय का? अख्ख्या इमारतीत कुणी घालत नाही! तुम्ही येताना दिसलात की चढवतात आणि तुमची पाठ वळली की काढून फेकतात. हसतात तुम्हाला सगळे!"

एवढं बोलून मी मागे बघितलं, तर दार सताड उघडं. शेजारपाजारचे जमले होते. त्यांच्यापुढे यांचे डेपोतले दोस्त, हातात फळांची पिशवी, खाली बघत उभे. वन्सं एक शब्द बोलल्या नाहीत. एकदा फक्त यांच्याकडे त्यांनी बघितलं. यांचे डोळे मिटलेले. मग त्यांनी खाली पडलेली खोळ उचलली आणि माणसांमधून अंग चोरत जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दारोदार फिरल्या. "माझ्या खोळी द्या परत." बस, एवढंच. लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. कुणाच्या खोळीत कांदे भरलेले होते, कुणी खोळीनेच स्कूटर पुसत होतं. एका घरातून तर फरशी पुसायच्या बादलीतून काढून, पिळून दिली. वन्संनी प्रत्येक खोळ घडी घालून घेतली. आमच्याकडे मात्र आल्या नाहीत. मिक्सरची खोळ मीच त्यांच्या पायरीवर ठेवून आले, दार न वाजवता.

खडूस येऊन मशीन तपासून गेला. आतला पंखा शाबूत होता. "नशीब चांगलं," म्हणाला. मी वन्संच्या चुकांचा पाढा वाचायला लागले, तर नेहमी भांडायला उठणारा माणूस, हत्यारं गोळा करून निघून गेला.

वन्संनी येणं सोडलं. माझा राग जाईना. जेवताना, यांना औषध देताना, मशीनची जाळी पुसताना, माझं आपलं चालूच. "सख्खी बहीण, आणि एवढीही अक्कल नाही!" हे ऐकून घ्यायचे. ताट अर्धं टाकून भिंतीकडे तोंड करायचे. मला वाटायचं, अशक्तपणा आहे.

एकदा अशीच बडबडत होते. यांनी माझा हात धरला.

"पुरे. मीच शिवायला लावली ती."

हे थांबत थांबत बोलत होते. "दोस्त येणार होते. आयुष्यभर ज्यांच्यासमोर गाडी डोक्यावर घेतली, त्यांच्यासमोर नाकात नळी, आणि शेजारी ते धूड घरघरतंय. लाज वाटली मला. ताई नको नको म्हणत होती. जेवण सोडीन म्हटलं, तेव्हा कुठे तयार झाली. तुला सांगायचं नाही, म्हणून शपथ घातली तिला."

"आणि मी ओरडत होते तेव्हा?"

मशीन घरघरत राहिलं. मग हे म्हणाले, "जागा होतो."

यांना काय बोलणार? मला स्वतःचंच तोंड दिसत होतं, त्या उघड्या दारातलं. पायांत चपला न घालताच मी खाली गेले.

वन्संची खोली ओळखू येईना. टीव्ही उघडा, रेडिओ उघडा, पंख्याच्या मोटरवरसुद्धा काही नाही. शिलाई मशीन भिंतीकडे वळवून ठेवलेलं. जमिनीवर खोळींचा ढीग, आणि वन्सं ती लाल खोळ मांडीवर घेऊन ब्लेडने टाके उसवत होत्या. मी दारातच उभी राहिले. माफ करा म्हणायला आले होते, ते काही तोंडातून फुटेना.

"वन्सं," मी म्हटलं, "बोलला का नाहीत त्या दिवशी? नाव घ्यायचं त्यांचं! इतकं सगळं, सगळ्यांसमोर..."

त्यांनी एक टाका उसवला, दोरा ओढून काढला.

"अगं, त्याला आधीच श्वास पुरत नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर ओरडली असतीस तर? माझा श्वास चांगला आहे. म्हटलं, मी ऐकून घेते."

मी खाली बसले. ढिगातून एक खोळ उचलली आणि दुसरं ब्लेड मागितलं.