स्टुलावरची कविता आणि बोन स्कॅन

मंडळी, आत्ताच बदलापूरला घरी पोचलोय. आज मुंबईला माझा बोन स्कॅन झाला. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. हल्ली बरगड्या दुखतात, म्हणून रोग हाडांत गेलाय का ते बघायचं होतं.

इंजेक्शन देऊन तीन तास पाणी पीत बसवलं, मग मशीनखाली निजवलं. मी मनात शाळेतल्या कविता म्हणत पडून राहिलो.

नंतर डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवलं. डाव्या बरगड्यांवर एकाखाली एक तीन काळे ठिपके. शेजारी बसलेली सौ. चष्मा लावून पुढे वाकली.

"आजोबा, एवढ्यात कुठे पडला होतात?"

मी सौ.कडे बघितलं. "छे, नाही."

"नीट आठवा. हाडात कुठे काहीतरी चाललंय एवढं स्कॅन दाखवतो. कशामुळे, ते तुम्ही सांगायचं."

मग कबूल केलं. महिन्यापूर्वी सौ. भिशीला गेली असताना माळ्यावरून सहावीचं मराठीचं पुस्तक काढलं आणि उल्हासनगरहून आणलेल्या घडीच्या स्टुलावर उभ्यानेच कविता म्हणू लागलो. आवेशात हात उंचावला, आणि खाली आलो.

"मग हे फ्रॅक्चरच दिसतंय. पडल्यावर असे ओळीने येतात ठिपके, कॅन्सरचे बहुतेक इथे-तिथे विखुरलेले असतात. तरी तेवढ्या भागाचा सीटी स्कॅन काढून खात्री करू. बाकी हाडं स्वच्छ आहेत."

बाहेर आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, कॅन्सर चालला असता, पण माझी बोलणी नकोत?"

खरं सांगू? क्षणभर तसंच वाटलं होतं. तुम्ही डॉक्टरांसमोर काय सांगायचं गिळून टाकता, आणि शेजारी कोण बसलेलं असतं म्हणून?