आबांनी नाकारलेली मशीनं

मशीनवर कमावलेलं अंग पोकळ असतं, हे मी कितीजणांना ऐकवलं असेल! म्हणणं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. पण त्यांच्यापेक्षा जास्त ठासून सांगत फिरले मी.

माझी लेक कुस्ती खेळते. आम्ही पलूसला राहतो आणि नवरा फौजेत. त्यानं फोनवर सांगितलं, "पोरीला घरात व्यायामाची दोन चांगली मशीनं घे. इथं सगळी पोरं त्याच्यावरच तयार होतात." जिल्ह्याच्या निवड चाचणीत तिच्या वजनगटातून एकच मुलगी पुढं जाणार होती. लेकीच्या पायात दम होता, पण पाठीची ओढ कमी पडायची. मशीन निवडायला जाणकार हवा, आणि जुने पैलवान असलेले आबा तर घरचेच. कडेगावला माहेरी माझ्या दादाच्या मुलीला ते रोज शिकवायचे, रविवारी येऊन माझ्या लेकीलाही. दोघी नाती एकाच वयाच्या, एकाच अंगकाठीच्या, एकाच गटातल्या. आबा डावंउजवं करणार नाहीत, हे मी धरूनच चालले होते.

सांगलीच्या दुकानात आबांनी एक मशीन सोडलं नाही. पायांनी वजन रेटायच्या लेग प्रेसवर लेकीला बसवलं, गुडघा कुठवर येतो ते वितीनं मोजलं, सीट मागंपुढं करून पिन कुठल्या भोकात बसते ते पाहिलं. मग वरचा दांडा छातीपर्यंत ओढायच्या मशीनवर बसवून तिच्या पाठीला हात लावून बघत राहिले. दुकानदाराला वाटलं, आता गिऱ्हाईक पक्कं. त्यानं चहा मागवला. चहा संपवून आबा म्हणाले, "न्हाई गं. बसून कमावलेली ताकद हुबं राहिल्यावर सापडत न्हाई. पोरीचं अंग पोकळ हुईल. झाडाला दोरखंड बांध, तेवढं बास."

केवढं पटलं मला ते! आम्ही भडंग घेऊन हात हलवत परत आलो. नवरा फोनवर वैतागला, तेव्हा त्यालाच सुनावलं, "बंदुकीतलं तुम्हाला कळतं, कुस्तीतलं आबांना." परड्यातल्या चिंचेला दोर बांधला. लेक तळहाताला घट्टे पडेपर्यंत चढत राहिली.

बेंदराच्या सणाला माहेरी गेलो. मी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात लेक मागच्या दारानं आत आली. "आई, जरा चल," एवढंच म्हणाली.

गोठ्याशेजारच्या खोलीत पूर्वी ठिबकच्या नळ्या पडलेल्या असायच्या. आता तिथं ती दोन मशीनं उभी होती. तीच. रंगसुद्धा तोच. लेक लेग प्रेसवर बसली आणि तिनं पाय टेकवले. सीट हलवावी लागली नाही. माझ्या पोरीचं माप घेऊन आबांनी माझ्या भाचीचं मशीन निवडलं होतं.

केसानं गळा कापला म्हणतात, तो असा. परक्यानं कापला असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पिठाच्या हातानंच ओसरीवर गेले.

"आवं आबा, तुमच्या त्या नातीचं अंग न्हाई व्हय पोकळ हुयाचं?"

त्यांनी नजर चुकवली असती तरी मला थोडं बरं वाटलं असतं. ते सरळ माझ्याकडं बघत म्हणाले, "हळू बोल, घरात पावनी हायती. दोघी माज्याच हायती गं. पर तुजी पोरगी जिकली तर नाव तिच्या बापाच्या घराण्याचं हुतंय. हितलं नाव कुणी काढायचं?"

मला रडू फुटलं. पैलवानाची लेक म्हणून मी जन्मभर मिरवले होते, सासरी, शाळेत, बाजारात. आणि त्या घराच्या नावात मी कधी धरलेलीच नव्हते. जेवायलाही थांबले नाही, पिशवी भरली.

निघताना लेक रीतीप्रमाणं आबांच्या पाया पडायला वाकली. तिला ओढावं असं वाटलं, पण हात उचलला नाही. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "जिकून ये."

तिनं वाकल्या जागीच विचारलं, "कुणाला पाडून, आबा?"

आबांनी हात काढून घेतला.