निळेमामांची लाल चिंधी

गॅसची शेगडी बिघडली की माणसं शेगडीसारखी बोलायला लागतात. निळेमामांना येणारे फोन ऐकावेत. "मामा, आमची भुर्रर्र-भुर्रर्र करते हो!" "मामा, बंद करताना फट्ट वाजते, सासूबाई पाटावरून उडतात." "मामा, नुसतीच हुं-हुं करते, पेटत काही नाही. अगदी आमच्या ह्यांच्यासारखी." एका वकीलबाईंनी तर सगळी तक्रार मुद्देसूद मांडली आणि शेवटी, दुसरा काही इलाजच उरला नाही तेव्हा, आवाज खाली आणून "प्फूस्स" केलं होतं.

हल्ली हे फोन मामीच घेतात. मामांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणजे फोनमध्येच खोट आहे असं मामांचं म्हणणं. मग मामी फोन ठेवतात आणि ऐकलेला आवाज मामांसमोर उभं राहून, गाल फुगवून, दुप्पट मोठ्यानं काढून दाखवतात. "भुर्रर्रर्र! फट्ट!" भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना पहिल्या पहिल्यांदा काळजी वाटायची. आता ते तिथूनच सांगतात, "जेट तुंबलंय, मामी!"

मामांचं खरं नाव त्यांच्या वीजबिलावर असेल. बाकी सगळ्यांना ते निळेमामा, कारण प्रत्येक घरातून निघताना त्यांचं एकच वाक्य असतं: "झाली निळी. आता बघायचं काम नाही."

काम तसं साधं आणि तसं फसवं. गॅस एकटा नीट जळत नाही, त्याला हवेची सोबत लागते. जेटच्या बारीक भोकातून गॅस सुटतो आणि नळीच्या तोंडाशी जी खिडकी असते तिच्यातून हवा ओढून घेतो. त्या खिडकीवर एक चकती. ती सरकवली की हवा कमीजास्त होते. हवा कमी पडली तर ज्योत पिवळी, आळशी, भांड्यांची बुडं काळी करणारी. वर बंद खोलीत तिच्यातून असा विषारी वायू सुटतो की ज्याला ना रंग ना वास. माणूस आधी डोकं धरतो, मग झोपतो, आणि मग उठतच नाही. हवा जास्त झाली तर ज्योत बर्नर सोडून वर उडते आणि गुरगुरते. ह्या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चकतीची एक जागा असते, तिथे ज्योत निळी होऊन गुमान बसते.

ती जागा मामा डोळे मिटून शोधत. त्यांच्या उस्तादांची ही शिकवण. उस्ताद नाकातून बोलायचे: "डोळे मीट रे. उजेडात ज्योत फिकी दिसते, अंधारात भडक. डोळ्याला कुणीही फसवतं. कानाला कोण फसवणार?" म्हणून मामा शेगडीपुढे उकिडवे बसत, डोळे मिटत आणि चकती केसभर केसभर सरकवत. हवा पुरेशी झाली की ज्योत बारीक सूर धरते. तो कानाला लागला की हात थांबला, स्क्रू आवळला, "झाली निळी" म्हणून टाकलं. घरातली पोरं मागे उभी राहून त्यांच्यासारखे डोळे मिटून हात हलवत. मामांना ते माहीत होतं. एकदा त्यांनी डोळे मिटल्या मिटल्याच दटावलं होतं, "हात उलटा फिरवतोयस, स्क्रू आवळला जाईल."

उस्तादांची दुसरी शिकवण लाल चिंधीची. शेगडी उताणी केली की वरची काजळी, खरकटं, एखादं झुरळ, सगळं नळीत उतरू बघतं. म्हणून नळीच्या तोंडात चिंधी कोंबायची. लाल अशासाठी की विसरता येऊ नये. काम झालं की चिंधी काढायची, खांद्यावर टाकायची, मगच हात धुवायचे. उस्ताद गेले, चिंध्या फाटल्या, नव्या आल्या, पण चिंधी खांद्यावर आल्याशिवाय मामांनी कधी कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

त्या दिवशी दिवेलागणीला मामा घरी आले, पिशवी कोनाड्यात ठेवली आणि सवयीनं खांद्याकडे हात नेला. खांदा रिकामा.

दुसरा खांदा बघितला. तोही रिकामा. पिशवी जमिनीवर पालथी केली. पाने, पिना, जुनी जेटं, एक वाळलेलं लिंबू. लाल काहीच नाही.

"काय शोधताय?" मामींनी विचारलं. मामा पिशवीच झटकत राहिले. मामींनी पट्टी चढवली, "काय शोधताय म्हणते!"

"चिंधी."

"असेल कुठेतरी. दुसरी देते फाडून."

"तसं नाही गं." मामा मटकन खाली बसले. "बाळाच्या घरी राहिली असली तर?"

मामींच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. दिवसातलं शेवटचं काम मामांनी दुपारी त्या घरी केलं होतं, मग जेटांसाठी बाजार पालथा घातला होता. एक आजी, तिची सून आणि महिन्याभराचं बाळ. मुलगा कामासाठी परगावी. राहायला एकच खोली, तिच्याच कोपऱ्यात ओटा. थंडीचे दिवस म्हणून खिडकीच्या फटींतसुद्धा कागद कोंबलेले. धाकट्या बर्नरवर सदा पाण्याचं पातेलं, कारण बाळाला सगळं कोमट लागायचं. मामांनी मोठा बर्नर पेटवून पाहिला होता, त्याचा सूर लावला होता, हे त्यांना लख्ख आठवत होतं. पण धाकटा? धाकट्याच्या वेळी बाळ उठलं होतं आणि आजी म्हणाल्या होत्या, "आवरा हो मामा, पोर झोपायचंय." पुढचं काही आठवेना. चिंधी नळीत कोंबताना दिसत होती; काढताना काही केल्या दिसत नव्हती.

"चिंधी तिथे असली तर हवा बंद," मामा म्हणाले. "हवा बंद तर..."

"फोन लावते." मामींनी लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. "बाळ झोपलं असेल, आवाज बंद करून ठेवला असेल."

"किंवा..."

"किंवाबिंवा काही नाही. निघा आधी!"

स्कूटर निघाली. मामांचा जीव टांगणीला लागला होता, आणि मन चिंती ते वैरी न चिंती. समोरच्या प्रत्येक घराची खिडकी आज बंदच दिसत होती. हा ट्रक मधे कशाला थांबलाय? ही बाई रस्ता ओलांडताना फोनवर हसतेय काय? चढाच्या सुरुवातीला मास्तर फाटकाशी उभे होते. निवृत्त झाले तरी त्यांचा आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. त्यांची शेगडी मामांनी त्याच सकाळी केली होती. मामांनी स्कूटर बंद न करताच पाय टेकला.

"मास्तर, माझी लाल चिंधी राहिलीय का तुमच्याकडे?"

"चिंधी नाही बुवा. पण मामा, तुमची शेगडी फार बोलते हो! दुपारी बायकोनं पेटवली आणि मी सवयीनं ओरडलो, 'कोण रे तो, उभा राहा!' विमान उतरतंय असं वाटतं."

"बसेल दोन दिवसांत. निळी आहे ना?"

"आहे निळी, पण उड्या मारते..."

मामा पुढे गेलेसुद्धा. शेगडी बोलते म्हणे! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. इथे कुणाचा जीव जातोय आणि ह्यांना आवाजाचं पडलंय.

जिना चढून मामांनी बाळाच्या घराची घंटा दाबली. आत घंटा वाजल्यासारखी वाटली नाही. पुन्हा दाबली. दाराला कान लावला. आत काही म्हणजे काही नाही. ना पाऊल, ना भांडं, ना माणूस. त्यांनी घंटेवर अंगठा रोवला आणि दुसऱ्या हाताची मूठ दारावर हाणायला उगारली, तेवढ्यात दार उघडलं.

"अहो, किती वाजवाल? 'आले आले' म्हणून घसा बसला माझा! बहिरे झालात का? उठलं असतं ना पोर!" आजी.

मामा त्यांना बाजूला सारूनच आत शिरले. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. सून भिंतीला टेकून, कपाळ दाबून बसली होती. बाळ पलंगावर, डोळे मिटलेलं. आणि ओट्यावर धाकट्या बर्नरवर पातेलं, त्याच्याखाली ज्योत: लांब, पिवळी, जिभा चाटत बसलेली.

मामांनी नॉब फिरवला, खिडकीतले कागद ओरबाडले, दोन्ही दारं सताड उघडली. "उठा! बाळाला घ्या! बाहेर चला आधी!"

"अहो थंडी आहे! बाळ..."

"थंडीनं शिंक येते, आजी. ह्यानं माणूस उठत नाही. चला म्हणतो ना!"

बाहेर सज्जात सुनेनं बाळाला कुशीत धरलं होतं. "दुपारपासून डोकं ठणकतंय," ती म्हणाली, "मला वाटलं जागरणानं." मामांचं लक्ष बाळाकडे. ते हलेना. मामांनी बोटानं त्याचा तळवा दाबला. क्षणभर काहीच नाही. मग पाय झटक्यानं आखडला, चेहरा चुरगळला, तोंड चांगलं आ वासलं गेलं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "रड बाबा, रड. भरपूर रड."

खालच्याच मजल्यावर दवाखाना होता. सून बाळाला घेऊन उतरली, मागोमाग आजी. मामा वर एकटे शेगडीपाशी. त्यांनी गॅस मागून बंद केला, शेगडी उताणी केली आणि श्वास रोखून धाकट्या नळीच्या तोंडात वाकून पाहिलं.

चिंधी नव्हती.

मोठीतही नव्हती. मामांना काही उमजेना. मग त्यांचा अंगठा चकतीवर गेला. घट्ट मिटलेली. दुसरीही घट्ट मिटलेली. आणि दोन्ही स्क्रूंवर ताजे ओरखडे, पकडीचे. हे कुणाचे हात?

आजी परत आल्या. "डॉक्टर म्हणाले, वेळेवर बाहेर आणलंत. तिला खाली बसवलंय तास दोन तास, नजरेखाली. बाळ ठणठणीत आहे." बोलता बोलता त्यांनी ओट्यावरचं पातेलं बाजूला ठेवायला उचललं, ते एका लाल फडक्यात धरून.

मामा बघतच राहिले. "ते फडकं..."

"अगंबाई, तुमचंच का हे? शेगडीमागे पडलं होतं. मी धुऊन घेतलं. भांडं उतरवायला फार बरं आहे हो."

मामांना हसावं की रडावं कळेना. "आणि ह्या चकत्या, आजी? ह्या कुणी आवळल्या?"

आजी जरा चपापल्या. मग त्यांनीच उलट चाल केली. "मीच! मग काय करू? तुम्ही गेलात आणि शेगडी पेटवली तर ही गर्जना! घर्रर्रर्र! बाळ दचकून थरथरायला लागलं. सूनबाई म्हणाली, मामांना फोन करू. मी म्हटलं, एवढ्यासाठी कशाला त्या माणसाला जिने चढवायचे? तुम्ही काय फिरवता ते मी बघितलं होतं. पकड घेतली, फिरवली, गप्प झाली. ज्योतही कशी मऊ, दिव्यासारखी दिसायला लागली."

"गर्जना?" मामा म्हणाले. "मी सूर लावून गेलो होतो."

"असला सूर? ऐका मग!"

मामांनी शेगडी सुलटी केली, गॅस उघडला, मोठा बर्नर पेटवला. खिडकी उघडी होती, वारा येत होता. त्यांनी नेहमीसारखे डोळे मिटले आणि चकती उघडत नेली. अजून नाही. अजून नाही. अजून थोडी. हां, आता कुठे तो बारीक सूर कानाला लागला. मामांचा हात थांबला.

त्यांनी डोळे उघडले. आजींनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. आणि बर्नरवरची ज्योत भोकं सोडून वर उडाली होती, तडफडत होती, ह्या कडेला विझून त्या कडेला पेटत होती. असली ज्योत एखाद्या शिकाऊनं सोडली असती तर मामांनी त्याला दारातून आत घेतलं नसतं.

"बघा," आजी ओरडल्या. हे मात्र मामांना ऐकू आलं.

मामा तसेच बसून राहिले. मामींचा चढलेला आवाज. भिकार फोन. न वाजलेली घंटा. मास्तरांचं विमान. एकेक गोष्ट येऊन त्यांच्यापुढे बसली. सूर ऐकू यावा म्हणून हात दर वेळी थोडी जास्त हवा देत गेला होता. कान मागे मागे जात होता आणि चकती पुढे पुढे. उस्ताद म्हणाले होते, कानाला कोण फसवणार. कान स्वतःच फसवू लागला तर काय करायचं, हे सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

"आजी," मामा हळूच म्हणाले, "जरा इथे बसता का माझ्याजवळ? मी फिरवतो. शेगडी काय म्हणते ते तुम्ही मला सांगायचं. आणि जरा मोठ्यानं."

आजी बसल्या. अशा कामाला त्या एका पायावर तयार. "घर्रर्र म्हणते. अजून घर्रर्र. आता खर्रर्र, आमचे हे घोरायचे तसं. आता फुर्रर्र. थांबा, थांबा! आता 'श्श्श' म्हणते. बाळाला निजवताना म्हणतो ना, तसं."

मामांनी ह्या वेळी डोळे उघडे ठेवले होते. ज्योत खाली आली होती, भोकाभोकावर निळी टोकं करून बसली होती. त्यांच्या कानात मात्र शांतता होती, पार खोलवर. त्यांनी स्क्रू आवळला. धाकटाही तसाच लावला. खिडकीत पुन्हा कागद कोंबणार नाही, असं आजींकडून बाळाच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं वदवून घेतलं. चिंधी आजींनाच ठेवू दिली.

घरी मामी दारातच उभ्या होत्या. "सापडली?"

मामांनी त्यांच्या ओठांकडे बघून उत्तर दिलं, "सापडली." मग सगळं सांगितलं. बऱ्याच दिवसांपासून मामी हे बोलत होत्या, ते ऐकू गेलं नव्हतं एवढंच.

"कुणाकुणाच्या शेगड्या केल्यात मी ह्या वर्षात," मामा म्हणाले. "सगळ्या ओरडत असतील. आणि घरोघरी पकड असते गं. कुणीतरी वैतागून, कुठेतरी, खिडक्या लावून..."

सकाळ झाली तेव्हा मामा पिशवी खांद्याला लावून दारात उभे होते. चढावरच्या मास्तरांपासून सुरुवात करायची, मग त्यांच्या शेजारचे, मग पलीकडची गल्ली. मामींनी दाराला कुलूप लावलं, चपला घातल्या आणि स्कूटरवर मागे बसल्या.

मास्तरांच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटली. मामांनी चकतीवर बोट ठेवलं, ज्योतीवर नजर ठेवली आणि विचारलं, "काय म्हणते?"

मामींनी गाल फुगवले.